पद्माच्या पत्र्यावरचा गुलाब

एप्रिल महिन्यात सोलापूरला हौसेनं कुणी जात नाही. मी गेले, आणि नणंदेलाही सोबत ओढून नेलं. तिला सांगितलं, चादरी घेऊ, शेंगांची चटणी घेऊ. खरं कारण एका फोटोत होतं.

साताऱ्याजवळ आमची छोटी रोपवाटिका आहे. गुलाबाची कलमं बांधण्यात माझी तीसेक वर्षं गेली. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा मुलगा सोलापूरला चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. कंपनीची बस सकाळी कामगारांना गोळा करत शहरभर फिरते. त्या बसच्या खिडकीतून त्यानं मोबाइलवर एक फोटो काढला आणि आईनं तो मला पाठवला. एका बैठ्या घराचा पत्रा, पत्र्यावर पसरलेला दांडगा वेल, आणि लोण्याच्या रंगाची, माना खाली घातलेली मोठी फुलं. शेजारच्या भिंतीवर चुन्यानं भली मोठी फुली मारलेली. फुली मारलेली भिंत पाडायची असते, हे कळायला सोलापूरला जावं लागत नाही.

हा गुलाब मी ओळखत होते. मला कलमं बांधायला शिकवलं त्या पुण्याच्या माईंच्या फाटकावर तो होता. त्यांच्या कुणा नातेवाइकानं फार पूर्वी सोलापुरातून काडी आणली होती, एवढंच त्या सांगत. माई गेल्या, घर विकलं गेलं, आणि नव्या मालकानं अंगणात सिमेंट ओतलं. त्याआधी माईंनी आम्हा शिष्यांना दिलेली रोपंही कुणाकडे टिकली नव्हती, कारण हा वेल काडीनं सहज लागत नाही. मग मी शोधायला लागले. पुणे, नाशिक, बंगळूर, जिथे म्हणून जुने गुलाब ठेवणारी माणसं भेटली तिथे विचारलं. कुणाकडे नव्हता. त्याचं मूळचं नाव काय, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पुस्तकांतल्या दोन-तीन जुन्या विलायती वेलांशी तो जुळतो, पण पुरता कुणाशीच नाही.

फोटो काढणाऱ्या त्या मुलाला फोन केला. म्हणाला, "मावशी, गल्ली कुठली ते नाही सांगता येणार. मी अर्धवट झोपेत होतो. एवढ्यात पाडणार असतील बहुतेक."

दोन दिवसांत आम्ही निघालो. पिशवीत चाकू, सुतळी, ओलं शेवाळ आणि बर्फ ठेवायचा थर्मासचा डबा होता.

सात रस्ता

सातारकराला सोलापूरचं ऊन पहिल्या दिवशी खरं वाटत नाही. आमच्याकडे ऊन डोक्यावर असतं. इथे ते भिंतीतून, रस्त्यातून, बसायच्या बाकातूनही येतं. सकाळी दहालाच लोक डोक्याला पांढरं फडकं गुंडाळून फिरत होते. विजूताईनं, म्हणजे माझ्या नणंदेनं, चौकात उतरल्याबरोबर पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "वहिनी, फूल मिळो न मिळो, संध्याकाळी मला थंड पाण्याची आंघोळ पाहिजे." लॉजवाल्यानं सांगितलं की नळाला पाणी दोन-चार दिवसांआड येतं, तेव्हा एक बादली मिळेल.

सात रस्त्याला महबूबभाईंची रिक्षा केली. पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं अर्धं मराठी, अर्धं त्यांचं दखनी. फोटो त्यांनी हात लांब करून पाहिला.

"गुलाब ना काकी? फिकर नक्को करो. मेरेकू मालूम है."

आणि आत्मविश्वासानं त्यांनी आम्हाला एका सरकारी बंगल्यासमोर नेलं. फाटकावर बोगनवेल होती.

"ही कागदी फुलं आहेत," मी म्हणाले.

"वेल बी है, फूल बी है. और क्या होना तुमना?"

मी खाली उतरून काटे, पानं समजावून सांगायला लागले, तेवढ्यात पहारेकरी आला आणि बंगल्याचे फोटो काढू नका म्हणून आम्हाला हाकलून दिलं. दुसऱ्या ठिकाणी तर एका मंगल कार्यालयाच्या कमानीवर प्लॅस्टिकचे गुलाब निघाले. तिथे महबूबभाई स्वतःच हसले. दुपारपर्यंत आम्ही एकूण एक जुनी गिरणी आणि तिच्या मागची वस्ती पालथी घातली. माझं डोकं दुखायला लागलं. जेवायला एका खानावळीत गेलो. पापडासारखी कडक भाकरी, दही आणि तेल सोडलेली शेंगांची चटणी. आमच्याकडे भाकरी कडक झाली तर सुनेला बोल बसतात. इथे ती मुद्दाम तशी करतात, आणि चुरून दह्यात कालवली की दुसरं काही नको वाटतं.

जेवल्यावर विजूताईनं चादरींच्या दुकानात जायचा हट्ट धरला. मी चिडलेच. भिंत कधी पडेल याचा पत्ता नाही आणि हिला चादरी सुचतात. पण ती माझा मोबाइल घेऊन गेलीच. मी पायरीवर पाणी पीत बसले. थोड्या वेळानं ती बाहेर आली, हातात चादर नव्हती, माझा मोबाइल होता.

"वहिनी, आत ये. या बाई ओळखतात."

गल्ल्यावरच्या तेलुगू बाई फोटो बोटांनी मोठा करून बघत होत्या. "ही तीगा गुलाबी हाय की. तीगा म्हणजे आमच्यात वेल. आमच्या आत्याच्या गल्लीत हाय. मागाचं शेड हाय बगा, त्याच्या अंगाला." त्यांनी महबूबभाईंना रस्ता सांगितला. मी विजूताईच्या चार चादरी न बोलता उचलल्या.

पत्र्याखाली

गल्ली अरुंद होती. एकेकाळी इथून चालताना मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नसे, असं महबूबभाई म्हणाले. आता दोन-तीन शेडमधूनच आवाज येत होता. फोटोतली फुली दिसली, आणि तिच्या शेजारी तो पत्रा.

मार्चचा बहर ओसरला होता. पत्रा वेलानं झाकलेला, वेल पुढे झुकून ओसरीवर उतरलेला, आणि त्याच्या सावलीत चार बाया मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसलेल्या. त्यांतली चाळिशीची, ठसठशीत कुंकू लावलेली बाई उठून उभी राहिली.

"काय पायजे? मोजणीवाल्या हाय का तुमी?"

"नाही हो. आम्ही साताऱ्याहून आलोय. या गुलाबासाठी."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पत्र्याकडे, मग विजूताईकडे, जणू यातली शहाणी कोण ते ठरवत होती. विजूताईनं सरळ ओसरीवर बसकण मारली आणि एक तेंदूचं पान हातात घेऊन विचारलं, "हे कसं वळतात, दाखवता का?" बाया हसल्या. पाणी आलं. मग मी वेलाखाली गेले.

शेवटची दोन-तीन फुलं होती. या फुलाचा देठ बारीक, त्यामुळे ते खालीच बघतं. आपण खालून वर पाहावं तेव्हा त्याचा चेहरा दिसतो. मी एक फूल नाकाशी धरलं. चहाच्या पानांचा आणि त्यामागून पिकल्या आंब्याचा हलका वास. पुण्याचं ते फाटक, माईंचा खरखरीत हात, सगळं आठवलं आणि मी पदरानं डोळे पुसले.

"रडताय का काय?" ती बाई म्हणाली. मग तिनं नाव सांगितलं. पद्मा.

जेवून आलोय म्हटलं तरी तिनं भात आणि चिंचेचं चारू, म्हणजे पातळ सार, वाढलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा; इथे भाताला नाही म्हणणं चालत नाही. खाता खाता तिनं हकीकत सांगितली. सासरे गिरणीत होते. गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्यानं त्यांना एक रोप दिलं. त्यांनी ते मागाच्या शेडशेजारी, पाणी सांडायचं तिथे लावलं. सासरे वारले, वाटण्या झाल्या. शेड थोरल्या दिराला, ज्यांना ती एकेकाळी 'बावा' म्हणून हाक मारायची त्या अंबादासांना, आणि घर पद्माच्या नवऱ्याला. तो चिंचोळीत पाळीवर जातो. मधली भिंत कुणाची यावरून भांडण झालं. दोन वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही.

"मूळ त्यांच्याकडं हाय, आन फुलं माझ्याकडं," पद्मा म्हणाली. "आता शेड पाडून गोदाम बांदणार हाय. गुरवारी ते मशीन येतंय."

तो सोमवार होता.

भिंत कुणाची

वेलाचा बुंधा माझ्या दंडाएवढा जाड होता आणि मुळं थेट भिंतीच्या पायात शिरलेली. उपटून नेणं शक्यच नव्हतं. काड्या कापून नेऊन रानगुलाबाच्या खुंटावर त्यांचे डोळे भरायचे, हा एक मार्ग. पण उन्हाळ्यात डोळा धरणं अवघड. दुसरा मार्ग गुटीचा. वेलाच्या फांदीची साल गोलाकार काढायची, तिथे ओलं शेवाळ बांधायचं, वरून प्लॅस्टिक. दीड-दोन महिन्यांत तिथेच मुळ्या फुटतात, मग फांदी तोडून लावायची. पण तोवर आईचं, म्हणजे जुन्या वेलाचं, मूळ जिवंत पाहिजे. म्हणजे भिंतीचा तो कोपरा पावसाळ्यापर्यंत उभा राहायला हवा.

अंबादास रिकाम्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसले होते. माग विकून झाले होते. फरशीवर मागांच्या पायांच्या खुणा तेवढ्या होत्या. साठीचे, बनियन घातलेले, मृदू बोलणारे.

"न्या की बाई झाड. मुळासकट न्या. माझी कायबी हरकत न्हाय."

मी कोपऱ्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

"ते न्हाय जमायचं. कोपरा ठेवला की ती म्हणणार, भिंत तिची हाय म्हणून ठेवली."

मी पद्माकडे गेले. ती म्हणाली, "ठेवू द्या की. पण उद्या म्हणतील, आमी उपकार केले. मला त्यांचे उपकार नकोत."

पुन्हा अंबादास. पुन्हा पद्मा. मधे दहा पावलं अंतर, पण त्या उन्हात ती दहा पावलंही नको वाटत होती. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा विजूताईनं माझा हात धरला.

"वहिनी, भिंत कुणाची हे तू कशाला ठरवतेस? ते त्यांचं कोर्ट बघेल. तू झाडाचं बोल."

तिचं बरोबर होतं. मी अंबादासांना म्हणाले, "कोपरा माझ्यासाठी ठेवा. ना त्यांच्यासाठी, ना तुमच्यासाठी. कुणी विचारलं तर सांगा, साताऱ्याची एक बाई आली होती, हट्टाला पेटली, ऐकेना."



"आमच्या नानांनी, वडलांनी लावलाय तो," ते म्हणाले. "माग बंद झाले, शेड जाणार. सगळंच जातंय म्हणल्यावर मी त्याचा इचार केला न्हाय." मग उठले, चुन्याचा डबा आणला, आणि फुलीच्या अलीकडे एक उभी रेघ ओढली. रेघेपलीकडचं पाडायचं, अलीकडचं ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही पत्र्यावर चढलो. उशीर झाला तर पत्रा पाय ठेवू देत नाही. खाली विजूताई शिडी धरून उभी, वर पद्मा आणि मी. वासा कुठे आहे, पत्रा कुठे गंजलाय, ते पद्माला माहीत होतं, तरी माझा पाय एका ठिकाणी घोट्यापर्यंत आत गेलाच. पोटरी खरचटली, साडी काट्यांत अडकली आणि चाकू निसटून खाली पडला. "मेले असते मी," विजूताई खालून म्हणाली, आणि चाकू पुसून वर दिला. महबूबभाईंनी कुठूनशी गोणपाटं आणली होती. गुट्या बांधून झाल्या की प्रत्येकीवर ओल्या गोणपाटाचा तुकडा बांधायचा, ऊन लागू द्यायचं नाही. शेवाळ संपेपर्यंत बांधत राहिले. पद्मानं पहिल्या दोन पाहिल्या, पुढच्या तिनंच सोलल्या.

"गोणपाट रोज भिजवावं लागेल," मी म्हणाले. "पाण्याचं कसं करशील?"

"कपडे धुतलेलं चालतं का?"

"साबणाचं नको."

"मग भाज्या धुतलेलं घालीन," ती म्हणाली. तिनं एवढ्यावर विषय संपवला.

जाताना काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवल्या. त्या संध्याकाळीच साताऱ्यात खुंटांवर डोळे भरले. उन्हानं अंगात ताप होता, पण हात थांबले नाहीत.

गुरुवारी शेड पाडलं आणि कोपरा ठेवला, असं पद्मानं फोनवर कळवलं. पण मी भरलेले डोळे धरले नाहीत. एकेक करून काळे पडले. मी रोज सकाळी पट्टी सोडून बघायची आणि पुन्हा बांधायची, जणू बांधल्यानं काही होणार होतं. महिन्याअखेरीस एकही हिरवा उरला नाही. आता जे काही होतं ते पद्माच्या पत्र्यावर होतं. ती दर दोन-चार दिवसांनी फोटो पाठवायची: ओलं गोणपाट, बाकी काही नाही. मी रोज बघायची.

जूनमध्ये एका दुपारी अंबादासांचा फोन आला.

"बाई, घात झाला. गोदामाचा पाया खणताना मशीनवाल्यानं वळवताना कोपरा ढकलला. मी हुभा होतो, वरडलो, पण त्याला ऐकू गेलं न्हाय. मूळ तुटलं."

मी पद्माला फोन लावला. तिच्या आवाजात रडू होतं, पण ती पत्र्यावरूनच बोलत होती. पानं मलूल पडायला लागली होती.

"पद्मा, गोणपाट सोड. प्लॅस्टिकमधून आत पांढरं काही दिसतंय का?"

बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग: "एकीत दिसतंय. दोरे दोरे. अजून दोनांत. बाकीच्यात कायच न्हाय."

"त्या तिन्ही कापायच्या, गाठोड्याच्या खालून. चाकू आहे का?"

"विडीची कात्री हाय."

"चालेल. निम्मी पानं काढून टाक. मातीत लाव, सावलीत ठेव, आणि आता रोज पाणी."

"बाकीच्या?"

"त्याही कापून लाव. काय होतं ते होऊ दे."

पलीकडे कात्रीचा आवाज आला. मी फोन कानाला लावून उभी राहिले, तिचं पूर्ण होईपर्यंत.

जुलैत पुन्हा

या वेळी विजूताई स्वतःच म्हणाली, "कधी निघायचं?" सात रस्त्याला महबूबभाई उभे होते. त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की गुलाबवाल्या काकी येणार आहेत.

पत्रा उघडा पडला होता. वाळलेला वेल पद्मानं तोडून ढीग लावला होता, आणि विड्या वळणाऱ्या बाया समोरच्या घरी बसायला लागल्या होत्या. मला त्या पत्र्याकडे बघवेना. पण ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात, तेलाच्या डब्यांत, तीन रोपं उभी होती. प्रत्येकाला तांबूस नवी पालवी. बाकीच्या गुट्या गेल्या होत्या.

प्रवासात मी मनाशी ठरवून आले होते: दोन रोपं मी नेणार, एक पद्माकडे राहील. रोपवाटिकेत ती सुरक्षित राहतील, हिवाळ्यात मी त्यांच्यावरून डोळे भरेन, माईंच्या शिष्यांना देईन, जुने गुलाब ठेवणाऱ्या प्रत्येकाकडे एक पोचवीन. एकाच घरी असलेलं झाड म्हणजे न राहिलेलंच झाड. हे मला या वर्षानं शिकवलं. पद्मानं सगळं ऐकून घेतलं.

"एक तुमी न्या," ती म्हणाली. "एक माझं. आन एक तितं लावायचं, जितं होतं तितं."

"ती तर त्यांची जागा."

"मग? मूळ तितलंच हाय की. हिवाळ्यात या, आमच्या दोनांवरच्या बी काड्या न्या. लागतील तेवड्या न्या."

मी अंबादासांना बोलावलं. त्यांनी काही न विचारता कुदळ आणली. पडलेल्या कोपऱ्याच्या विटा त्यांनी एका बाजूला रचून ठेवल्या होत्या, आणि चुन्याच्या रेघेपर्यंतची जागा सोडून गोदामाची भिंत आत घेतली होती. खड्डा खणला. मी रोप ठेवलं, माती लोटली. पद्मा तिच्या ओसरीच्या कडेला उभी होती, हात कमरेवर.

अंबादास मला म्हणाले, "बाई, विचारा की त्यांना, पाणी किती घालायचं. एप्रिलपासून त्यांनीच सांभाळलंय."

मी पद्माकडे वळले. ती म्हणाली, "वैनी, सांगा त्यांना, रोज एक तांब्या. जास्त नको."

मी सांगितलं. त्यांनी तांब्या भरला आणि थेट बुंध्यावर ओतायला लागले. पद्मानं एक क्षण पाहिलं. मग ती दोन पायऱ्या उतरून खाली आली.

"बावा, बुडात नका वतू. कडंनं घाला, कडंनं."

अंबादासांनी हात मागे घेतला, आणि कडेनं पाणी घातलं.